संकटात विश्वास आणि मंडळी: धीर कसा मिळवावा आणि मोडलेली घडी पुन्हा कशी बसवावी

घरातला कर्ता माणूस अचानक जातो, कर्करोगाचे निदान होते, नोकरी सुटते किंवा इतक्या वर्षांचा संसार मोडतो, तेव्हा ख्रिस्ती माणसाला ज्या दोन आधारांची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तेच दोन आधार त्याला दूरचे वाटू लागतात: प्रार्थना आणि मंडळी, म्हणजे आपल्या चर्चमधला विश्वासणाऱ्यांचा समुदाय. प्रार्थनेला बसले तर शब्द सुचत नाहीत, आणि रविवारी उपासनेला गेले तर लोक काय विचारतील, या धास्तीने पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. अशा काळात काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कशापासून सांभाळून राहावे, हे या लेखात मांडले आहे. माझी ठाम समजूत अशी आहे की आपले दुःख देवापुढे जसेच्या तसे मांडल्यावर आणि आपली गरज मंडळीतल्या ठरावीक माणसांना नेमक्या शब्दांत सांगितल्यावर धीर येऊ लागतो. ‘विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल’ एवढ्या एका वाक्यावर कोणाचीही घडी बसत नाही.

या बाबतीत आपल्याला फार दूर पाहण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी. पदरी तान्ही मनोरमा होती. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःच्या उपासमारीचे ते जुने दिवस आठवून त्या तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन परतल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला जे मुक्ती सदन उभे राहिले, ते या मुलींसाठी. तिथल्या कामाचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. मुलींना अन्न, अंघोळ, कपडे आणि औषध मिळाले; मग शाळा मिळाली आणि हाताला काम मिळाले, विणकाम, शेती, छापखाना; आणि या सगळ्याभोवती रोजची प्रार्थना होती. भुकेल्या मुलीला आधी प्रवचन ऐकवून मग जेवण द्यावे, असे रमाबाईंना कधी वाटले नाही. पुढे १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तेव्हा रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. श्रद्धेने त्यांना दुःखातून सूट मिळाली नाही, हे लक्षात घेऊनच पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

पहिली पायरी: आधी शरीर

पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत त्याची कानउघाडणी करीत नाही. तो त्याला भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नव्हती. संकटाच्या पहिल्या आठवड्यात आपणही हाच क्रम पाळावा.

घरातल्या किंवा शेजारच्या एका व्यक्तीकडे स्वयंपाकघराची जबाबदारी सोपवावी आणि ती व्यक्ती कोण, हे सर्वांना सांगून ठेवावे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या या धावपळीत हमखास चुकतात, म्हणून त्या वेळेवर दिल्या जातात की नाही, हे दुसऱ्या एकाने पाहावे. घर किंवा जमीन विकणे, कोणाच्या कर्जाला जामीन राहणे, मुलांना दुसऱ्या गावी पाठवणे, असे मोठे निर्णय या दिवसांत घेऊ नयेत. कोणी कागदावर सही मागितली तर ‘पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) बोलून सांगतो’ एवढे उत्तर पुरेसे आहे.

झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर त्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि कीटकनाशके हलवावीत आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हा विश्वासाचा कमीपणा आहे, असे मानणारी माणसे आपल्या मंडळ्यांमध्ये अजून आहेत. त्यांचे ऐकू नये.

दुसरी पायरी: देवापुढे खरे बोलणे

आपल्याकडे प्रार्थना म्हणजे उपकारस्तुती, अशी सवय इतकी पक्की झाली आहे की तक्रार केली तर पाप लागेल, असे कित्येकांना वाटते. प्रत्यक्षात स्तोत्रसंहितेचा फार मोठा भाग विलापाचा आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि उपासनेत वाचले जाते. येशूने वधस्तंभावर जो आक्रोश केला, तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे.

रोज एका ठरावीक वेळी, शक्यतो पहाटे किंवा दिवेलागणीला, पंधरा मिनिटे एका जागी बसावे. या तीन स्तोत्रांपैकी एक मोठ्याने वाचावे. मनातल्या मनात वाचले तर लक्ष भरकटते. मग वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. देवाला हाक, आपली तक्रार आणि आपली मागणी. तक्रार जितकी साधी आणि नेमकी असेल तितकी चांगली. उदाहरणार्थ: ‘हे प्रभू, घराचा हप्ता पाच तारखेला आहे आणि खात्यात पैसे नाहीत. तू हे पाहतोस आणि गप्प आहेस, असे मला वाटते. धाकट्याची फी भरण्याचा काही मार्ग या आठवड्यात दाखव.’ ही प्रार्थना उद्धट नाही. स्तोत्रकर्त्यांनी याहून कडक शब्द वापरले आहेत. विलापाच्या अनेक स्तोत्रांत शेवटी भरवशाचा उद्गार येतो, पण तो ओढूनताणून लिहू नये. आला त्या दिवशी लिहावा, नाही आला तर वही मिटून ठेवावी.

काही दिवस एवढेही जमणार नाही. तेव्हा प्रभूची प्रार्थना पुरे. कॅथलिक घरांत जपमाळेचा मोठा आधार असतो, कारण स्वतःचे शब्द शोधावे लागत नाहीत आणि घरातला दुसरा कोणी पुढे म्हणत असला तरी चालते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात, आणि ती बहुतेकांना लहानपणापासून पाठ असतात. मन पूर्ण थिजलेले असताना पाठ असलेले एखादे कडवे ओठांवर येते, तेव्हा तीच त्या दिवसाची प्रार्थना समजावी.

तिसरी पायरी: दोघा-तिघांना विश्वासात घेणे

गेथशेमाने बागेत, अटकेच्या आदल्या घटकेला, येशूने सगळ्या शिष्यांपुढे आपले मन उघडे केले नाही. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना त्याने सोबत घेतले आणि आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे त्यांना सांगितले. ते तिघे झोपी गेले, हेही शुभवर्तमानात लिहिलेले आहे. आपली माणसेही कधी तरी झोपी जाणार, विसरणार, चुकीचे बोलणार. तेवढ्यावरून सगळ्या मंडळीकडे पाठ फिरवू नये.

माणसे निवडताना एक पाळक किंवा फादर, एक वडीलधारी व्यक्ती आणि एक आपल्या बरोबरीचा, असा विचार करावा. पारखण्याची खूण एकच: या माणसाने आजवर दुसऱ्यांची गुपिते आपल्याला सांगितली आहेत का? सांगितली असतील तर आपलेही तो दुसऱ्यांना सांगेल. प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी गावभर होते, हा अनुभव अनेकांना मंडळीपासून तोडतो, आणि हे आपल्या समाजातले खरोखर मोठे दुखणे आहे. यावर उपाय असा की सांगतानाच मर्यादा घालून द्यावी: ‘पाळकसाहेब, सभेत एवढेच सांगा की आमच्या घरासाठी प्रार्थना करा. आजाराचे नाव घेऊ नका.’ चांगला पाळक याचा मान राखतो.

घरात मारहाण होत असेल तर या पायरीचे नियम बदलतात. तिथे समेट घडवण्याची घाई कोणीही, अगदी पाळकांनीही करू नये. क्षमेवरचे वचन ऐकवून एखाद्या बाईला त्याच घरात परत पाठवणे हे घोर पाप आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. आधी ती आणि मुले सुरक्षित जागी पोहोचली पाहिजेत. तातडीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे.

चौथी पायरी: मदत नेमकी मागणे आणि नेमकी करणे

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि लगेच पुढे म्हणतो की प्रत्येकाला आपापला भार वाहावा लागेल. वरवर हे परस्परविरोधी वाटते, पण संकटातल्या घरात बसून पाहिले की त्याचा अर्थ उलगडतो. शोक ज्याचा त्यालाच करावा लागतो. दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्याचे काम मात्र दुसरा कोणीही करू शकतो.

‘काही लागले तर सांगा’ असे प्रत्येक जण म्हणून जातो, आणि मनापासून म्हणतो. दुःखातल्या माणसाला मात्र काय लागते हेच सुचत नाही, आणि सुचले तरी मागायला जीभ रेटत नाही. मी पाहिलेल्या एका घरातली गोष्ट सांगतो. दफनविधीनंतर संध्याकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माणसे बसली होती, चहा फिरत होता, आणि महिला मंडळाच्या एका ज्येष्ठ मावशींनी मुलाच्या शाळेच्या वहीचे कोरे पान फाडून त्यावर वार लिहिले. मग त्या घरच्या बाईंजवळ जाऊन बसल्या आणि हळू आवाजात एकेक विचारत गेल्या: सकाळी पाणी कोण भरते? धाकटीला शाळेत कोण सोडते? आजोबांच्या डायलिसिसचा वार कोणता? सिलेंडर कधी आला होता? उत्तर आले की त्या खोलीतल्या एकाकडे पाहायच्या आणि त्याचे नाव त्या वारापुढे लिहायच्या. चहा संपेपर्यंत पान भरले. ते पान महिनाभर स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेले होते, आणि ज्याचे नाव होते तो त्या दिवशी येत होता. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडले. चौघांना आपापला कोपरा ठाऊक होता म्हणूनच ते जमले असणार.

तुमच्या घरी अशा मावशी आल्या नाहीत तर हे पान तुम्ही स्वतः तयार करा, किंवा तिसऱ्या पायरीत ज्यांना विश्वासात घेतले त्यांपैकी एकाला करायला सांगा. त्यात वार, काम आणि नाव, एवढेच असावे.

पैशांची मदत मात्र या पानावर लिहू नये. ती मंडळीच्या मदतनिधीतून, खजिनदाराच्या आणि आणखी एका पदाधिकाऱ्याच्या सहीने, पावती करून आणि उपासनेत नाव न वाचता दिली जावी. अनेक कॅथलिक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद हे काम करतात. त्यांच्याकडे जाण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. मदत घेणाऱ्याने आपली एकूण देणी एका कागदावर मांडून एका जाणत्या माणसाला दाखवावीत, कारण सावकाराचे व्याज लपवून ठेवले की मंडळीने दिलेले पैसे व्याजातच जातात.

मृत्यू झालेल्या घरासाठी कागदपत्रांचा भाग कोणीतरी आपणहून उचलावा. मंडळीच्या दफन नोंदवहीतली नोंद म्हणजे सरकारी मृत्यू नोंद नव्हे. ती २१ दिवसांच्या आत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करावी लागते, उशीर झाला तर कटकट वाढते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना मिळतो, आणि मुलगा व मुलगी यांचे वाटे समान असतात. गोव्यात याबाबतचा कायदा वेगळा आहे. दीर किंवा पुतण्या काही वेगळेच सांगत असतील तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीही मान्य करू नये.

पाचवी पायरी: उपासनेत पुन्हा जागा घेणे

पहिला रविवार सर्वांत अवघड असतो. एकटे जाऊ नये. सोबत घेतलेल्या माणसाबरोबर उपासना सुरू झाल्यावर आत जावे, मागच्या बाकावर बसावे आणि आशीर्वचन झाले की निघावे. दारात हात मिळवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहण्याचे बंधन कोणावरही नाही. गाता येत नसेल तर गाऊ नये. आजूबाजूची माणसे गात असतात, आणि त्या दिवशी ती आपल्या वाटचेही गात असतात. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, मात्र चुकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिथे आपल्याला काही सिद्ध करायचे नसते. फक्त हात पुढे करायचा असतो.

पहिला नाताळ, पहिला वाढदिवस आणि पहिले वर्षश्राद्ध यांची तयारी आधीपासून करावी. नाताळचा फराळ करायचा की नाही, तारा लावायचा की नाही, हे घरातल्या सर्वांनी, मुलांनीसुद्धा, मिळून ठरवावे. करंज्या शेजारच्या घरी बसून सर्वांबरोबर केल्या तर पुष्कळांना हलके वाटते. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईपासून अनेक ठिकाणी दफनभूमीत फुले आणि मेणबत्त्या घेऊन कुटुंबे जमतात. त्या दिवशी तिथे आपण एकटे नसतो.

सहावी पायरी: कोणाचे ऐकू नये

इयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते बरोबर होते. त्याच्या दुःखाचे कारण त्याचे पाप आहे, असे ते सांगू लागले तेव्हा बिघडले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाने त्यांनाच दोषी ठरवले. जन्मांधाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणाचे?’ असे विचारले, तेव्हा येशूने ना त्याचे ना त्याच्या आईबापांचे, असे उत्तर दिले. एवढा आधार हाताशी असताना कोणी तुमच्या घरी येऊन ‘घरात काही गुप्त पाप आहे का पाहा’ असे म्हणाला, तर त्याला चहा द्यावा आणि विषय तिथेच थांबवावा.

औषधे बंद करा, प्रार्थनेनेच बरे व्हाल, असे सांगणाऱ्याला घरात येऊ देऊ नये. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. डॉक्टर नको, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही, आणि पौलाचा प्रिय सोबती लूक स्वतः वैद्य होता. आशीर्वादासाठी आधी दान भरायला सांगणाऱ्यालाही हाच नियम.

सातवी पायरी: पुन्हा उभे राहणे

पेत्राने येशूला तीनदा नाकारले, ते महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ. योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात तिबिर्याच्या किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे. तिथे येशू आधी त्याला भाजलेली मासळी आणि भाकर खायला देतो, मग तीनदा विचारतो आणि तिन्ही वेळा त्याच्याकडे काम सोपवतो. ज्यांच्या संकटात स्वतःच्या चुकीचा वाटा आहे, दारू, जुगार, तुरुंगवास, मोडलेला विवाह, त्यांच्यासाठी मंडळीने हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. घडलेले घडले नाही, असे दाखवायचे नाही. पण माणसाला काम नाकारायचेही नाही. सुरुवातीला लहान काम द्यावे, सतरंज्या अंथरणे, पाण्याची व्यवस्था, संडे स्कूलच्या मुलांना घरी पोहोचवण्यात सोबत. पैशांचा हिशेब किंवा व्यासपीठ लगेच देऊ नये. त्यात मंडळीचेही आणि त्याचेही नुकसान होते.

साक्ष देण्याचा, म्हणजे देवाने आपल्याला कसे सांभाळले हे मंडळीपुढे सांगण्याचा, आग्रह कोणीही धरू नये. काही मंडळ्यांत संकट सरायच्या आत माणसाला पुढे उभे करून साक्ष द्यायला लावतात, आणि मग दुःख परत उसळले की तो तोंड दाखवायला लाजतो. वेळ आली की तो स्वतःच बोलेल, आणि बहुधा ते सभेत नसेल. दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी असेल. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो त्याप्रमाणे, ज्या सांत्वनाने आपले सांत्वन झाले त्याच सांत्वनाने इतरांचे करायचे असते.

त्या घरी जाताना डबा परत न्यावा लागणार नाही अशा भांड्यात जेवण न्यावे. आत गेल्यावर पादत्राणे काढून खाली सतरंजीवर बसावे, विचारल्याशिवाय स्वतःची हकीकत सांगू नये, आणि प्रार्थना करू का, असे आधी विचारावे. हो म्हटले तर दोन मिनिटांची करावी आणि गेलेल्या माणसाचे नाव त्यात घ्यावे, कारण त्या घरात ते नाव घ्यायला सगळेच घाबरत असतात. अर्ध्या तासात उठावे. निघताना ‘काही लागले तर सांगा’ म्हणू नये; ‘गुरुवारी दवाखान्यात मी येतो, साडेआठला रिक्षा घेऊन दारात असेन’ असे सांगावे, आणि गुरुवारी सव्वाआठलाच पोहोचावे.